लिपाची गोष्ट कोणी सांगायची?

मावशी,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी लिपा गावाहून नूडल्स आल्या. तुमची रूथ स्वतः घेऊन आली, तिच्या चर्चमधल्या दोन बायकांना बरोबर घेऊन. अ‍ॅल्युमिनियमचा मोठा ट्रे, वर फॉइल घट्ट दाबलेली. तुमच्या अनघाच्या घरात गॅस पेटलेला नव्हता. मंडळातल्या कोणीतरी पिठलं-भात आणून ठेवला होता, त्याच्याच शेजारी हा ट्रे येऊन बसला. लिपात लग्न असो की मयत, हाताने कापलेल्या नूडल्स लोण्यात घोळवून त्या घरी पोचल्याच पाहिजेत, हे मला ठाऊक होतं. अनघाच्या सासूबाईंना नव्हतं. त्यांनी फॉइलचा कोपरा उचलून पाहिला आणि हळूच विचारलं, "यात अंडं असतं का हो?"

"असतं," मी म्हटलं. "चांगलं भरपूर असतं."

सुतकाच्या घरात अंडं! सासूबाईंचा हात मागे आला. रूथ ट्रेजवळच उभी होती. तिला शब्द कळत नव्हते, चेहरे कळत होते. तेवढ्यात अनघा आतून आली, तिने एक ताट घेतलं, एका बाजूला पिठलं वाढून घेतलं आणि दुसऱ्या बाजूला नूडल्स. "आईने हेच केलं असतं," ती म्हणाली आणि खायला बसली. मग मीही घेतलं. ताट घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि तिथे मला पहिल्यांदा रडू आलं. तोपर्यंत फोन, फ्युनरल होम, गुरुजींची वेळ ठरवणं, यातच होतो.

रूथ माझ्यामागून अंगणात आली. तिच्या वडिलांनी डोळे मिटले तेव्हा तुम्ही जवळ होतात, तुमच्या वेळी ती नव्हती, त्याची रुखरुख तिने बोलून दाखवली. मग म्हणाली, "गावाचा मेळावा जवळ आलाय. यंदा लिपाची गोष्ट कोण सांगणार?"

मला काय माहीत, असं म्हणणार होतो. ती पुढे तुमचा हवाला देऊन म्हणाली, "डॉक्टर म्हणायची, तुला सगळी येते."

मावशी, खरं सांगतो, मला तुमचा राग आला. जाऊन एक दिवस झाला नाही तोवर तुम्ही मला कामाला लावलंत.

हे आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात छापायचं ठरलंय, त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी इतरांसाठी पुन्हा सांगाव्या लागतील. वैतागू नका. लिपा म्हणजे ऑस्टिनपासून गाडीने तासाभरावरचं चिमुकलं गाव. एक चर्च, एक हॉल, एक दफनभूमी, विखुरलेली शेतं आणि भरपूर गाई. माणसं दिसायला-बोलायला पक्की टेक्सासची, पण मूळची सॉर्ब. सॉर्ब म्हणजे जर्मनीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, चहूकडे जर्मन बोललं जात असताना आपली निराळी भाषा धरून बसलेले लोक. ती भाषा पोलिश आणि चेकच्या नात्यातली. इथे टेक्सासात त्यांना वेंड म्हणतात आणि त्यांच्या भाषेला वेंडिश. तुम्ही त्यांच्या शेजारच्या गावातल्या दवाखान्यात उभी हयात काढलीत. "अमेरिकन डॉक्टर जिथे जायला तयार नव्हते तिथे आम्हाला पाठवलं रे," तुम्ही म्हणायचात, "आणि बरं झालं पाठवलं." रिटायर झाल्यावर अनघाजवळ राहायला ऑस्टिनला आलात, पण मन काही आलं नाही.

माझा आणि लिपाचा काडीचा संबंध नव्हता. मी नागपूरचा सॉफ्टवेअरवाला, शनिवारी उन्हं वर येईपर्यंत लोळणारा. गणपतीत आरतीनंतर खिरापतीची वाटी माझ्या हातात देत तुम्ही विचारलंत, "शनिवारी काय करतोस रे?" मी भाबडेपणाने म्हटलं, काही नाही. फसलो. तुमच्या डोळ्यांमुळे हायवेवर गाडी चालवणं बंद झालं होतं आणि अनघाला वीकेंडला ड्यूटी असायची. पुढच्या शनिवारी सकाळी तुम्ही लिपाला जायला थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसलेल्या होतात.

"रेडिओ बंद कर. मी बोलणार आहे."

"मी ऐकून राहिलो ना, मावशी."

"ऐकून राहिलो काय! ऐकतोय म्हण." तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला माझं नागपुरी सोसायचं नाही. मग मी मुद्दाम जास्त बोलायचो. तुम्ही हसू दाबून खिडकीबाहेर बघायचात.

त्या गाडीत मी लिपाचा इतिहास ऐकला. पहिल्या काही वेळा कंटाळलो. नंतर ट्रॅफिक लागला की उलट बरं वाटायला लागलं.

तुमची गोष्ट जहाजापासून सुरू व्हायची. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिकडच्या राजाने हुकूम काढला की सगळ्यांनी एकाच तऱ्हेच्या चर्चमध्ये, एकाच तऱ्हेने प्रार्थना करायची. यांना ते मान्य नव्हतं, भाषेचाही जाच होताच. मग आपल्या पाद्र्यासकट शेकडो माणसं जहाजात बसली. वाटेत कॉलरा झाला. इथे तुमची गोष्ट दर वेळी थांबायची. तुमच्यातली डॉक्टर उसळून वर यायची. "मीठ, साखर आणि उकळलेलं पाणी! एवढंच लागत होतं रे! एवढ्याशा गोष्टीसाठी पोरं गेली!" जणू तुम्ही स्वतः त्या जहाजावर होतात आणि कोणी तुमचं ऐकलं नाही. एकदा तर डॅशबोर्डवर हात आपटलात. मी घाबरून ब्रेक मारला.

मग टेक्सास. काळी, कसदार जमीन परवडणारी नव्हती. यांच्या वाट्याला रेताड माळ आला, वर ओकची खुरटी झाडं. तिथे लाकडाची घरं, मग चर्च, मग शाळा. आणि मग भांडण. आजूबाजूला जर्मन शेतकरी होते, मुली त्यांच्यात दिल्या-घेतल्या जात होत्या, तेव्हा काही जण म्हणाले की प्रार्थना जर्मनमध्ये करू. काही जण म्हणाले, ज्यासाठी समुद्र ओलांडला ते इथे येऊन सोडायचं? मग ही हट्टी घरं उठली, थोडं पुढे गेली आणि त्यांनी नवं गाव वसवलं. नाव ठेवलं लिपा. लिपा हे त्यांच्याकडच्या एका झाडाचं नाव. गावाला सावली त्याचीच हवी म्हणून रोपं मागवून लावली. टेक्सासच्या पहिल्याच उन्हाळ्यात सगळी करपली. नाव तेवढं राहिलं.

मी हसलो होतो. तुम्ही हसला नव्हतात. तुम्ही म्हणालात, "मी अंगणात तीनदा हापूस लावून पाहिलाय."

या गावात तुम्ही शिरलात तेही एका चुकीमुळे, हे मला तुम्ही नाही, रूथने सांगितलं. तुम्ही तिथे नव्या होतात. कोणा पेशंटने वाळवलेल्या नूडल्सची पुडी भेट दिली. तुम्हाला त्या शेवयाच वाटल्या. तुम्ही दुधात घालून, साखर, वेलची, बेदाणे टाकून त्यांची छान खीर केलीत आणि चर्चच्या जेवणाला नेलीत. नूडल्समध्ये मीठ होतं, अंडं होतं. दूध फाटलं की फाटल्यासारखं झालं, कोण जाणे. रूथच्या वडिलांनी, एमिल आजोबांनी, सभ्यपणे दोन वाट्या संपवल्या आणि विचारलं, हे औषध रोज घ्यायचं का? पुढच्या शनिवारी रूथच्या आईने तुम्हाला स्वयंपाकघरात बोलावून लाटणं हातात दिलं. तुम्ही अशा पातळ लाटल्यात आणि अशा बारीक कापल्यात की त्या बायकांनी कामं थांबवली. मला तुम्ही फक्त एवढंच सांगितलं होतंत की "आमच्या घरी उन्हाळ्यात शेवया वळायचो, त्यामुळे जमलं." खिरीचा विषय टाळलात. मावशी, हे बरोबर नाही.

लिपात दर शरद ऋतूत मेळावा भरतो. ह्यूस्टन, डॅलस, कुठे कुठे गेलेली मुलं-नातवंडं एका रविवारी परत येतात. जेवणाआधी हॉलमध्ये गावाची गोष्ट सांगायची, ही तिथली रीत. वाचायची नाही, सांगायची. शेजारच्या मोठ्या गावात वेंड लोकांचं म्युझियम आहे, पण त्यात लिपाबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत. लिपाची गोष्ट लिपातच. ती वर्षानुवर्षं एमिल आजोबा सांगायचे. त्यांना स्ट्रोक झाला आणि वाचा गेली. त्या वर्षी मेळाव्यात सगळे जमले, त्यांची खुर्ची पुढे ठेवली, आणि नुसती शांतता. कोणालाच पूर्ण गोष्ट येत नव्हती. तुम्हाला येत होती, कारण बीपी तपासायला घरी गेलात की ते तुम्हाला तीच ऐकवायचे. तुम्ही उठलात आणि सांगितलीत. तुमच्या त्या सांगली-टेक्सास इंग्रजीत. तेव्हापासून दर वर्षी तुम्हीच.

मी एकदा रूथला विचारलं होतं, तुझे वडील जन्मभर सांगत होते, तुला कशी येत नाही? ती म्हणाली, "मी किचनमध्ये असते." गोष्ट संपली की नूडल्स गरम वाढायच्या, म्हणून निम्म्या गोष्टीला पाणी उकळायला ठेवावं लागतं. तिला जहाज माहीत होतं, कॉलरा माहीत होता, भांडणही थोडंफार. शेवट तिने कधी ऐकलाच नव्हता. तिच्या आईनेही नाही. त्या गावातल्या निम्म्या बायकांनी स्वतःच्या गावाची गोष्ट अर्धीच ऐकलेली.

आणि इथूनच आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही थकायला लागलात, बोलताना दम लागायला लागला, आणि एका शनिवारी म्हणालात, "पुढे तू सांग."

मी चक्क नाही म्हटलं. आजही मला वाटतं की माझं म्हणणं चूक नव्हतं. ज्यांची गोष्ट त्यांनी सांगावी. उद्या कोणी परक्या देशातला माणूस आपल्या गणपतीत उभा राहून आपल्याच लोकांना शिवाजी महाराजांची गोष्ट सांगायला लागला तर? आपण टाळ्या वाजवू, पण आत कुठेतरी लाज वाटेल की नाही?

"अरे, पोलिओचा डोस आईनेच द्यावा लागतो का?" तुम्ही म्हणालात. "बाळाला पोचला पाहिजे. कोणी दिला हे कोण विचारतं?"

"गोष्ट म्हणजे डोस नाही, मावशी."

"तुला काय माहीत? तू डॉक्टर आहेस?"

हे तुमचं नेहमीचं. वाद अंगाशी आला की डिग्री काढायची. मग मी दुसरीकडून शिरलो. म्हटलं, आणि शेवटी काय झालं? भाषेसाठी भांडून गाव वसवलं, तीच भाषा त्यांच्या नातवंडांनी सोडली. आधी जर्मन आली, मग महायुद्धात जर्मन बोलायचीच भीती वाटायला लागली म्हणून इंग्रजी. आज एकालाही वेंडिश येत नाही. हरलेल्यांची गोष्ट आहे ही. दरवर्षी कशाला सांगायची?

तुम्ही थेट माझ्या लेकीवर आलात. म्हणालात, "तुझी सई तुझ्याशी मराठीत बोलते?"

"मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये सांगते."

"मग?"

मी लेन बदलली. तुम्हीही ताणलं नाहीत. शेवटच्या खेपेला, परत येताना, तुम्ही सीटवर मान टेकवून, डोळे मिटूनच विचारलंत, "सांगशील ना?" मी म्हटलं, हायवे सोडायची एग्झिट आली. खरंच आली होती. पण उत्तर द्यायला एग्झिट काही आड येत नाही. तुम्हीही ते पुन्हा विचारलं नाहीत.

रूथ नूडल्स देऊन गेली त्या रात्री मी हे सगळं अमृताला सांगितलं. वाटलं, बायको तरी माझी बाजू घेईल. ती भांडी आवरत होती. म्हणाली, "ऑफिसात रोज दुसऱ्यांनी लिहिलेला कोड मेंटेन करतोस ना? लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेत. तेव्हा म्हणतोस का की हा माझा नाही, मी हात लावणार नाही?" तुम्ही दोघी आधीच ठरवून बसला होतात की काय, असं वाटलं मला.

मग मी ठरवलं. आवडलं म्हणून नाही. वाद हरलो म्हणून तर नाहीच. फक्त एक साधी गोष्ट डोळ्यांसमोर आली: त्या हॉलमध्ये पुन्हा तशीच शांतता पसरणार, आणि गोष्ट ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस ऑस्टिनमध्ये टीव्ही बघत बसणार. हे मला जमलं नसतं.

तयारीला लागलो आणि लक्षात आलं की मला गोष्ट येते ती मराठीत. जहाज, कॉलरा, भांडण, सगळं तुमच्या शब्दांत. इंग्रजीत करायला गेलो की ऑफिसच्या मीटिंगसारखं व्हायचं. आंघोळ करताना, गाडीत, लंचला पार्किंगमध्ये चालताना बडबडत राहिलो. सई म्हणाली, "बाबा, यू आर टॉकिंग टू युवरसेल्फ." मी म्हटलं, हो, आणि बंद करणार नाही. तिलाही धरून बसवलं आणि दोनदा ऐकवली.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरलेला होता. पुढच्या टेबलावर तुमचा फोटो होता, लाटणं हातात असलेला. मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली. सुरुवात बरी झाली. कॉलऱ्यापाशी तुमच्यासारखाच थांबलो आणि मीठ-साखर-पाण्याचं बोललो. म्हाताऱ्या बायका रडत हसल्या, कारण त्यांना माहीत होतं हे वाक्य कोणाचं. भांडण सांगितलं. करपलेली रोपं सांगितली. किचनमधून वाफेचा वास यायला लागला. आणि मी शेवटापाशी आलो.

शेवट म्हणजे हानाआजी. गावात सगळे इंग्रजीवर आले तरी एक म्हातारी उरली होती, तिला वेंडिशखेरीज काहीच येत नव्हतं. तिच्यासाठी अधूनमधून एक पाद्री यायचा आणि जुन्या पुस्तकातून वेंडिशमध्ये प्रार्थना वाचायचा. त्यालाही अर्थ लागत नव्हता, नुसती अक्षरं लागत होती. आणि हानाआजी तोवर ठार बहिरी झाली होती. तरी त्या रविवारी अख्खं गाव येऊन बाकांवर बसायचं. एमिल आजोबा तेव्हा लहान होते, चुळबुळ करायचे, आई चिमटा काढायची. म्हातारी पाद्र्याच्या तोंडाकडे बघायची, तिचे ओठ त्याच्या शब्दाबरोबर हलायचे, कधी त्याच्या थोडे पुढेच. ती गेली तोवर हे असंच चाललं.

हे मला तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे वाचणाऱ्याला कळत नाही, ऐकणारीला ऐकू येत नाही, बाकीच्यांना काहीच समजत नाही. काय उपयोग?" आणि तुम्ही इतक्या चिडलात की परतीच्या वाटेवर बोललाच नाहीत.

तर तिथे, हॉलमध्ये, मी हानाआजीचं नाव घेतलं आणि माझं इंग्रजी संपलं. घोटून तयार केलेली वाक्यं होती, ती कुठे गेली कळेना. मी सॉरी म्हटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडलो. लोक थांबून राहिले. किचनच्या दारात रूथ उभी होती, हातात मोठा झारा.

"तिने तुला जशी सांगितली तशी सांग," ती म्हणाली.

"ती मराठीत आहे."

"मग मराठीत."

मी तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. तुमच्या शब्दांत, तुमच्या हेलात, तुमच्या 'अरे' आणि 'बघ' सकट शेवटपर्यंत सांगितलं. हानाआजी, तिचे ओठ, चिमटा, सगळं. अनघा आली होती, तिच्याखेरीज त्या हॉलमध्ये एकालाही त्यातलं काही कळलं नसेल. कोणी खोकलं नाही. कोणी फोन काढला नाही. लहान मुलंसुद्धा बसून होती. माझं संपलं तरी कोणी उठलं नाही, आणि मावशी, त्या वेळी मला कळलं की तुम्ही तेव्हा का चिडला होतात.

रूथने गॅस बंद केला होता. नूडल्स गरम पाण्यातच राहून त्यांचा लगदा झाला आणि त्या उशिरा वाढल्या गेल्या. कोणी तक्रार केली नाही.

नंतर किचनमध्ये मी तिला शेवट इंग्रजीत सांगितला. ती पातेलं घासत होती. चिमट्यापाशी तिने हात थांबवले. "बाबा कुठल्या बाकावर होते?" मी म्हटलं, ते काही मावशींनी सांगितलं नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे. आमचं घर नेहमी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचं." मग तिने ओल्या हातांनी डोळे पुसले आणि मला विचारलं की ही गोष्ट पहिल्यापासून शिकायला किती वेळ लागेल.

शनिवारी मी लिपाला जातोय, त्याच्या पुढच्या शनिवारीही. रूथने अट घातली आहे की शिकताना तिचे हात पिठात असतील, आणि मी ती मान्य केली आहे. गोष्ट तिची आहे, असं मी अजूनही म्हणतो. तिला येईपर्यंत दर मेळाव्यात ती मी सांगणार, हेही म्हणतो. तुम्ही विचारलं होतंत त्याचं हे उत्तर. वाद मिटला असं मात्र समजू नका.